आईच्या गुडघ्यासाठी ॲक्युपंक्चर: कोल्हापुरात कुणी घेतलंय का?

काटवट (रविवार, रात्री १०:१५)

नमस्कार मंडळी.

आई ६४ वर्षांची आहे. मंगळवार पेठेत आमची लहानशी खानावळ आहे, २२ वर्षं झाली. दुपारचे ६० डबे जातात, शिवाय दहा-बारा माणसं ताटावर. भाकऱ्या अजून आईच करते. दोनदा बाई ठेवून बघितली, पण डबेवाले पहिल्याच दिवशी विचारतात, "मावशी आजारी आहेत काय?" त्यामुळं सकाळी सात ते साडेबारा ती ओट्यापाशी उभी.

तीन वर्षांपासून उजवा गुडघा दुखतोय आणि कंबर धरतेय. एक्स-रेमध्ये गुडघ्याची मध्यम झीज दिसली. आजवर सकाळी एक गोळी घेतली की दिवस निघायचा. मागच्या महिन्यात रक्त तपासलं तर क्रिएटिनिन वाढलेलं निघालं. डॉक्टरांनी दुखण्याच्या गोळ्या त्याच दिवशी बंद केल्या, मूत्रपिंडाला त्या झेपणार नाहीत म्हणाले. पॅरासिटामॉल दिलंय, त्यानं आईला काडीचा फरक नाही. काल परातीत पीठ तसंच ठेवून ती खाली बसली. मी तिला असं कधी बघितलेलं नाही.

शेजारच्या काकूंना ॲक्युपंक्चरनं बरं वाटलं म्हणे. १० सिटिंग, एकाचे ४०० रुपये. आई सुईला भीत नाही, चार हजाराला भिते. खरंच फरक पडतो का? गोळी बंद झालेल्या माणसानं दुसरं काय करावं? अनुभव असतील तर सांगा.

निलगिरी (रविवार, रात्री १०:४०)

माझा अनुभव गुडघ्याचा नाही, अर्धशिशीचा आहे. महिन्यातून सात-आठ वेळा डोकं उठायचं. खिडक्या लावून, ओढणी कपाळाला करकचून बांधून पडून राहायचे. राजारामपुरीत आठ आठवडे सुया घेतल्या. पहिल्या तीन वेळा काहीच जाणवलं नाही, चौथ्यानंतर महिन्याला तीन-चारवर आलं. गेलं नाही, कमी झालं. पण ज्याचं डोकं दुखतं त्याला सात आणि तीन यातला फरक विचारा.

सुई टोचताना मुंगी चावल्याएवढंच वाटतं. नंतर तिथं जडपणा येतो, आतून कुणी दाबून धरल्यासारखा.

उद्यमनगर_लेथ (रविवार, रात्री ११:०५)

ताई, आईंना किती वेळ हुबं ऱ्हावं लागतंय म्हणालासा? साडेपाच तास? मी लेथवर आठ तास हुबा असतोय, पायाखाली लाकडी फळी नसली की दोन दिसात कंबार मोडती. सुया घ्या न्हाईतर घेऊ नका, पण त्या फरशीवर अनवाणी हुबं ऱ्हाणं आधी बंद करा.

लाल_माती (सोमवार, सकाळी ६:२०)

तरुणपणी आम्ही तालमीत होतो. १९७८ साली सरावात डावा खांदा निखळला. वस्तादांनी हाडवैद्याकडून बसवून घेतला, हळद-तेलानं रगडला, पण पुढं वीस वर्षं थंडीत हात वर जायचा नाही. मुलीच्या आग्रहानं सुया घेतल्या. सुयांना बारीक तारा लावून हलकासा करंट सोडायचे, स्नायू टकटक उडायचा. पाच वेळा गेलो आणि शर्ट एकट्यानं घालता यायला लागला. हे माझ्या अंगावरचं सांगतोय, ऐकीव नाही.

दोन वर्षांपूर्वी हृदयाला पेसमेकर बसवला. परत खांदा धरला म्हणून गेलो, तर त्या बाईंनी आधी तेच विचारलं आणि करंट लावायला साफ नकार दिला. नुसत्या सुया टोचल्या. विचारणारा माणूस चांगला, एवढं त्या दिवशी कळलं. ताई, आईंना कसली मशीन बसवलेली असेल, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, तर आपणहून सांगा.

शंकेखोर (सोमवार, सकाळी ९:१०)

वरच्या तिन्ही प्रतिसादांबद्दल आदर आहे, पण मला हे पटत नाही. दुखणं मुळात वर-खाली होतं. माणूस उपचाराला जातो तो दुखणं टोकाला गेल्यावर. त्यानंतर ते आपोआप थोडं उतरतंच, आणि श्रेय सुईला मिळतं. शिवाय अर्धा तास शांत पडून राहायला मिळतं, कुणीतरी आपुलकीनं विचारपूस करतं. त्याचाही परिणाम होतोच. 'ची' नावाची ऊर्जा १४ वाहिन्यांतून फिरते आणि ३६१ बिंदूंवर ती अडते-सुटते म्हणतात. शवविच्छेदनात अशी एकही वाहिनी आजवर सापडलेली नाही. चार हजार रुपये हे त्यांच्या घरासाठी लहान पैसे नाहीत.

पायाळू_मी (सोमवार, सकाळी ११:३०)

सुयांचं माहीत नाही, पण आमच्या गल्लीत मी एकटाच पायाळू. लहानपणी कुणाच्या पाठीत उसण भरली की मला अंथरुणातून उचलून न्यायचे. माणूस पालथा पडायचा, मी पाठीवरून हलकी लाथ फिरवायची, आणि बदल्यात गूळ-शेंगदाणे. सातवीपर्यंत माझी प्रॅक्टिस जोरात होती! मग वजन वाढलं आणि पेशंट घटले.

उद्यमनगर_लेथ (सोमवार, सकाळी ११:४२)

मर्दा, आता लाथ मारलास तर उसण जाईल आन् मणका बी जाईल.

अस्थिमित्र (सोमवार, दुपारी ३:००)

मी सांगलीत अस्थिरोग तज्ज्ञ आहे, माहेर कोल्हापूर. जरा सविस्तर लिहिते.

शंकेखोर यांची शंका रास्त आहे आणि ती जर्मनीत मोठ्या प्रमाणावर तपासलीही गेली आहे. जुनाट कंबरदुखीच्या ११६२ रुग्णांचे तीन गट केले. एकाला शास्त्रोक्त ॲक्युपंक्चर, दुसऱ्याला भलत्याच जागी वरवर टोचलेल्या सुया, तिसऱ्याला नेहमीचे उपचार, म्हणजे औषधं, व्यायाम, फिजिओथेरपी. निकाल २००७ मध्ये आले. सहा महिन्यांनी चांगला फरक पडलेले रुग्ण पहिल्या गटात ४७.६ टक्के, दुसऱ्यात ४४.२ टक्के आणि तिसऱ्यात २७.४ टक्के.

हे आकडे दोनदा वाचा. नेमक्या जागी टोचलेली सुई आणि भलत्या जागी टोचलेली सुई यांत फरक अगदी थोडा. पण दोन्ही सुया नेहमीच्या उपचारांपेक्षा कितीतरी पुढं. बिंदू नेमका असावाच लागतो हा दावा यातून डळमळतो. मात्र 'सुयांनी काही होत नाही' हेही यातून निघत नाही. मज्जारज्जूच्या पातळीवर वेदनेचा संदेश अडवला जाणं, मेंदूतून एंडॉर्फिन (शरीराचं स्वतःचं वेदनाशामक) सुटणं, विश्रांती, अपेक्षा या सगळ्यांचा तो एकत्रित परिणाम असावा. काही प्रयोगांत एंडॉर्फिनला रोखणारं नॅलॉक्झोन दिल्यावर ॲक्युपंक्चरचा वेदनाशामक परिणाम घटला, म्हणून शरीरात प्रत्यक्ष काही घडतं असं मानायला जागा आहे.

काटवट, आता तुमच्या आईबद्दल. गुडघ्याच्या झिजेवर सर्वांत भक्कम पुरावा व्यायामाचा आहे, त्यातही मांडीच्या पुढच्या स्नायूंच्या. खुर्चीत बसायचं, पाय सरळ करायचा, पाच आकडे मोजेपर्यंत धरायचा, सोडायचा. दहा वेळा, दिवसातून तीनदा. वजन जास्त असेल तर तेही उतरवायला हवं. लावायच्या वेदनाशामक जेलमधून रक्तात फार कमी औषध जातं, तरी क्रिएटिनिन वाढलेलं असल्यामुळं आधी मूत्रपिंडाच्या डॉक्टरांना विचारा. आणि हात जोडून एक विनंती: सांधेदुखीवर कागदाच्या पुडीत, नाव-गाव नसलेली पावडर मिळते. तिच्यात स्टेरॉइड आणि दुखण्याचीच गोळी कुटलेली असू शकते. आईला ती कुणी आणून देऊ देऊ नका.

सुया घ्यायला माझी हरकत नाही. व्यायामाच्या जागी नकोत, त्याच्या जोडीला चालतील.

जर्मनीतला_कोल्हापूरकर (सोमवार, संध्याकाळी ७:२०)

अस्थिमित्र ताईंनी सांगितलेल्या अभ्यासाचा पुढचा भाग मी रोज बघतो. त्या सगळ्या चाचण्यांनंतर इथल्या सरकारी आरोग्य विम्यानं २००७ पासून दोन दुखण्यांसाठी ॲक्युपंक्चरचा खर्च द्यायला सुरुवात केली: जुनाट कंबरदुखी आणि गुडघ्याची झीज. दुखणं किमान सहा महिन्यांचं हवं, साधारण १० सिटिंग, आणि सुया टोचणारा डॉक्टरच हवा, तोही वेगळं प्रशिक्षण घेतलेला. माझ्या कमरेसाठी मी घेतलं. एकदाही खिशातून पैसे गेले नाहीत. त्यामुळं काटवट ताईंचा चार हजारांचा प्रश्न वाचून गलबलून आलं.

शंकेखोर (सोमवार, संध्याकाळी ७:५०)

आणि ब्रिटन? तिथल्या नाइस या सरकारी संस्थेनं २००९ मध्ये कंबरदुखीसाठी ॲक्युपंक्चर सुचवलं आणि २०१६ मध्ये ती शिफारस मागं घेतली. गुडघ्याच्या झिजेसाठी तर २०२२ च्या मार्गदर्शनात 'देऊ नका' असंच लिहिलंय. पुरावे तेच, मग जर्मनीत हो आणि ब्रिटनमध्ये नाही कसं?

अस्थिमित्र (सोमवार, रात्री ९:१५)

चांगला प्रश्न. पुरावे साधारण तेच, पण प्रश्न वेगळा विचारला गेला. ब्रिटननं विचारलं, खरी सुई खोट्या सुईपेक्षा किती सरस? उत्तर आलं, फारशी नाही. जर्मनीनं विचारलं, सुया घेतलेला रुग्ण न घेतलेल्यापेक्षा बरा राहतो का? उत्तर आलं, हो. त्याच नाइसनं डोकेदुखी आणि अर्धशिशी टाळण्यासाठी १० सिटिंगपर्यंत ॲक्युपंक्चरचा विचार करा म्हटलंय, म्हणजे निलगिरी यांचा अनुभव एकाकी नाही. २०२१ मध्ये कारण न सापडणाऱ्या जुनाट वेदनेसाठीही त्यांनी हा पर्याय ठेवला. अमेरिकेत ज्येष्ठांच्या सरकारी विम्यानं २०२० पासून जुनाट कंबरदुखीसाठी ९० दिवसांत १२ सिटिंग मान्य केली आहेत, गुडघ्यासाठी नाही.

तेव्हा काटवट, तुमच्या प्रश्नाचं उत्तर दोन तुकड्यांत द्यावं लागेल. कमरेसाठी आशा जास्त, गुडघ्यासाठी कमी.

ताराराणी_चौक (सोमवार, रात्री ११:२०)

हे लिहू की नको असं दोन तास चाललंय. लिहितेच.

माझ्या आत्याला कंबरदुखी होती, वय ५२. एका ठिकाणी तिनं चार महिने सुया घेतल्या. थोडं बरं वाटायचं, पुन्हा दुखायचं. संध्याकाळी कणकण असायची, वजन आठ किलो उतरलं, रात्री झोपेतून दुखण्यानं जाग यायची. सुया टोचणाऱ्यानं एकदाही विचारलं नाही की ताप येतो का, एक एक्स-रे काढला का. आम्हीही विचारलं नाही. 'नसा मोकळ्या होतायत' एवढ्यावर आम्ही गप्प बसलो. शेवटी पायातली ताकद गेली तेव्हा एमआरआय केला. मणक्याचा टीबी. दीड वर्ष औषधं, मणक्याचं ऑपरेशन. आज ती काठी घेऊन चालते.

सुईनं टीबी झाला असं मी म्हणत नाही. पण चार महिने आमचे गेले, ते तिच्या पायांनी भरले. दुखणं कशाचं आहे ते कळल्याशिवाय ते कमी करायच्या मागं लागू नका. काटवट, तुमच्या आईचा नुसता गुडघ्याचा एक्स-रे झालाय. कमरेचं कुणी बघितलंय का?

काटवट (मंगळवार, सकाळी ५:५०)

ताराराणी, रात्रीच वाचलं. झोप नाही आली. नाही, कमरेचं कुणीच बघितलेलं नाही. गुडघ्याबरोबर कंबर दुखणारच असं आम्ही धरून चाललो. आईला ताप नाही, वजनही उतरलेलं नाही, रात्री झोप लागते. तरी उद्याच नेते. तुम्ही लिहिलंत, त्याबद्दल फार आभार.

अस्थिमित्र (मंगळवार, सकाळी ८:००)

ताराराणी यांचा प्रतिसाद कुणीही वगळून पुढं जाऊ नये. कंबरदुखीबरोबर ताप, कारण नसताना वजन उतरणं, रात्री आडवं पडूनही न थांबणारं दुखणं, पूर्वी झालेला कॅन्सर, पायात येणारा अशक्तपणा, लघवी-शौचावरचा ताबा सुटणं यातलं काहीही असेल तर आधी तपासणी. शेवटची दोन लक्षणं दिसली तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

टोकदार (मंगळवार, दुपारी १:३०)

मी ॲक्युपंक्चर करतो, कोल्हापूर जिल्ह्यातच. जाहिरात करायची नाही म्हणून नाव-पत्ता देत नाही.

ताराराणी ताई, तुमच्या आत्यांच्या बाबतीत जे झालं ते आमच्या कामातलं मोठं पाप आहे. माझ्याकडं येणाऱ्याची फाइल बघितल्याशिवाय मी सुईचं पाकीट फोडत नाही, आणि सहा सिटिंगमध्ये काहीच फरक नसेल तर पुढचे पैसे घेत नाही.

शंकेखोर साहेब, वाहिन्या शवविच्छेदनात दिसत नाहीत हे मला मान्य. मी तो नकाशा जुन्या वाटाड्यानं काढलेला समजून वापरतो. गुडघ्याखाली चार बोटांवर, नडगीच्या बाहेरच्या अंगाला एक बिंदू आहे, चिनी नावाचा अर्थ 'पायाचे तीन ली'. ली म्हणजे त्यांचं अंतराचं माप. दमलेल्या माणसाला तिथं टोचलं तर तो आणखी तीन ली चालेल, अशी त्यामागची समजूत. तिथं खाली भरदार स्नायू आहे आणि त्याला जाणारी नस आहे. माझ्या बोटाला तेवढं पुरतं.

काटवट ताई, कुठंही जा, पण एवढं बघा. सुई तुमच्यासमोर सीलबंद पाकिटातून निघाली पाहिजे आणि काम झाल्यावर डब्यात गेली पाहिजे, परत ट्रेमध्ये नाही. ती भरीव असते, जाडी पाव मिलिमीटरच्या आसपास. इंजेक्शनची पोकळ सुई तिच्या दुपटीहून जाड. २० ते ३० मिनिटं ठेवतात. पहिल्या वेळी उपाशीपोटी जाऊ नका आणि आडवं पडूनच घ्या, काहींना चक्कर येते. छाती-पाठीवर, बरगड्यांच्या जागी खोल टोचणाऱ्यापासून सावध, कारण फुप्फुसाला भोक पडल्याची उदाहरणं आहेत. दुर्मीळ आहेत, पण आहेत. गरोदर बाईनं आधी सांगायचं. अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यातला बिंदू आम्ही तेव्हा टाळतो.

आणि नोंदणी विचारा. महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा आहे, परिषद आहे. भिंतीवर प्रमाणपत्र नसेल तर मागायला लाजू नका.

निलगिरी (मंगळवार, दुपारी २:१०)

पाकिटाचं अगदी खरं. राजारामपुरीच्या आधी मी एका ठिकाणी गेले होते. तिथं सुया स्पिरिटच्या बाटलीत उभ्या ठेवलेल्या. 'तुमच्या तुम्हालाच वापरतो' म्हणाले, पण बाटलीवर नाव नव्हतं. मी चप्पल घातली आणि निघून आले. काविळीचे काही प्रकार अशाच सुयांनी पसरतात.

लाल_माती (मंगळवार, संध्याकाळी ६:४५)

ही विद्या आपल्याकडं आणली ती सोलापूरच्या डॉ. कोटणीसांनी ना? आमच्या तालमीत त्यांचा फोटो होता.

शंकेखोर (मंगळवार, संध्याकाळी ७:३०)

आजोबा, कोटणीसांबद्दल मलाही फार आदर आहे, पण एवढी दुरुस्ती करतो. १९३८ मध्ये भारतातून पाच डॉक्टरांचं पथक चीनला गेलं, त्यात ते होते. जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करता करता डिसेंबर १९४२ मध्ये ते तिथंच वारले, वय अवघं ३२. ते परत आलेच नाहीत. त्याच पथकातले डॉ. विजयकुमार बसू परत आले, पन्नासच्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला जाऊन ॲक्युपंक्चर शिकले आणि कोलकात्यात त्यांनी ते सुरू केलं.

लाल_माती (मंगळवार, संध्याकाळी ७:५५)

बरं झालं सांगितलंत. बत्तीस म्हणजे पोरगाच की हो. फोटोतही तसाच दिसायचा.

पायाळू_मी (मंगळवार, रात्री ८:२०)

चीनमध्ये भूल न देता नुसत्या सुयांवर अपेंडिक्स काढतात असं मी वाचलंय. मग गुडघा काय घेऊन बसलात?

अस्थिमित्र (मंगळवार, रात्री ९:३०)

ती गोष्ट सांगता सांगता फुगली आहे. १९७१ मध्ये अमेरिकन पत्रकार जेम्स रेस्टन यांचं अपेंडिक्स बीजिंगमध्ये काढलं, तेव्हा नेहमीचंच औषध टोचून भूल दिली होती. ऑपरेशननंतर पोटात गॅस धरून दुखायला लागलं, त्यावर सुया टोचल्या आणि त्यांना आराम वाटला. त्यांनी तसंच प्रामाणिकपणे लिहिलं. पुढं लोकांनी त्याचं 'सुयांवर ऑपरेशन' केलं.

व्यवस्थापक (बुधवार, सकाळी १०:००)

दोन प्रतिसादांत फोन नंबर आणि 'हमखास बरा' अशी जाहिरात होती, ते काढले आहेत. धागा चांगला चाललाय, तो तसाच राहू द्या.

काटवट (बुधवार, रात्री ९:४०)

कमरेचा एक्स-रे, रक्त, सगळं झालं. वयाप्रमाणं मणक्यांत झीज आहे, दुसरं काही नाही. फिजिओथेरपिस्टनी व्यायाम शिकवले, अस्थिमित्र ताईंनी लिहिलेला खुर्चीतला त्यात आहेच. मूत्रपिंडाच्या डॉक्टरांनी सुयांना हरकत घेतली नाही. काढे आणि भस्मं मात्र विचारल्याशिवाय अजिबात घ्यायची नाहीत, असं बजावलंय.

आईला विचारलं, जायचं का? म्हणाली, "सहा वेळा जाऊ. त्यात कळलं तर कळलं." मंडळी, तिनं स्वतःसाठी पैसे खर्च करायला हो म्हटलेलं मी प्रथमच ऐकलं.

उद्यमनगर_लेथ (बुधवार, रात्री १०:१०)

ताई, ओट्याची उंची मोजून सांगा की. जमिनीपासून वरपर्यंत, इंचात. आणि आई बसून भाकरी थापतील काय हे बी विचारा.

काटवट (बुधवार, रात्री १०:३०)

३३ इंच. कशाला?

उद्यमनगर_लेथ (बुधवार, रात्री १०:३४)

स्टूल बनवतो. बसायची जागा २४ इंचावर, म्हंजे हाताची ढोपरं ओट्याच्या वर ऱ्हातील आन् थापायला जोर येईल. खाली पाय टेकायला आडवी पट्टी टाकतो, पाय लोंबकळले तर कंबार आणि धरंल. भंगारात चौकोनी पाइप पडलीया. पैशाचं नाव काढायचं न्हाई.

शंकेखोर (बुधवार, रात्री १०:५०)

वरची फळी जरा पुढं उतरती ठेवा, दोन-तीन अंशांनी. कंबर आपोआप सरळ राहते. मी कारखान्यात बसण्याच्या जागांचंच काम करतो, हवं तर मापं काढून पाठवतो.

काटवट (सहा आठवड्यांनी, रविवार, रात्री ९:००)

मंडळी, उशीर झाला. जसं झालं तसं लिहिते.

आठवड्यातून दोनदा अशी सहा सिटिंग झाली आणि मग आईनंच आणखी चार घेतली. नोंदणी असलेल्या बाई आहेत, पाकीट दरवेळी समोर फोडतात. पहिल्या दिवशी आई घरी येऊन तीन तास गाढ झोपली. संध्याकाळच्या स्वयंपाकाला आम्ही तिला उठवलं नाही. तिसऱ्या सिटिंगनंतर कंबर हलकी वाटते म्हणाली. आता सकाळी अंथरुणातून उठताना भिंत धरत नाही. मी वहीत रोज दहापैकी आकडा लिहून घेत होते: कमरेचा सातवरून तीनवर आलाय.

गुडघ्याचं तसं नाही. सहावरून पाचवर, कधी परत सहा. जिना उतरताना कळ येतेच. सुयांच्या बाईंनीच सांगितलं, गुडघ्यासाठी आता माझ्याकडं पैसे घालू नका, व्यायाम वाढवा. व्यायाम ती करते. सकाळचे दहा चहाचं आधण ठेवून आणि रात्रीचे मालिका बघताना. दुपारचे मात्र रोज बुडतात.

कंबर कशानं उतरली, सुयांनी की व्यायामानं की स्टुलानं, ते मला सांगता येणार नाही. तिन्ही एकाच पंधरवड्यात सुरू झालं. शंकेखोर दादा, तुम्ही हे विचारणारच, म्हणून आधीच लिहिलं.

स्टुलावर बसायला आई पहिले चार दिवस तयार नव्हती. बसून केलेली भाकरी फुगत नाही म्हणे. पाचव्या दिवशी बसली. बावीस वर्षांत पहिल्यांदा ओट्यापाशी बसून भाकऱ्या झाल्या आणि एकाही डबेवाल्यानं विचारलं नाही, की मावशी आजारी आहेत काय.

ताराराणी_चौक (रविवार, रात्री ९:२५)

आत्याला वाचून दाखवलं. तिनं स्टुलाचं माप लिहून घ्यायला सांगितलंय.

शंकेखोर (रविवार, रात्री ९:४०)

विचारणार होतो हे खरं. पण वहीत आकडे लिहिलेत, हे फार चांगलं केलंत. ती वही चालू ठेवा. सिटिंग थांबल्यावर तीन महिन्यांनी कमरेचा आकडा किती असतो, ते मला मनापासून जाणून घ्यायचंय.

काटवट (रविवार, रात्री ९:५५)

ठेवते. आणि लेथवाले दादा, आईनं विचारलंय, स्टूल देऊन दारातूनच गेलात, जेवायला कधी येताय?

उद्यमनगर_लेथ (रविवार, रात्री १०:०२)

बुधवारी येतोय. पांढरा रस्सा वाईच जास्त ठेवाय सांगा. येताना स्टुलाच्या पायांना रबर आणतो, फरशीवर सरकत असंल.